अस्वल, बंदूक आणि परवाना

लोहारा हे यवतमाळ शहराला लागून असलेले गाव. नावातच लोहार आहे. लोखंडाचा विळा होतो, कुऱ्हाड होते आणि बंदुकीची नळीही होते. यांतली कुठली वस्तू कुणाच्या हाती राहावी हे मात्र लोहार ठरवत नाही, सरकार ठरवते. रानात अस्वल समोर उभे राहिले तर माणसाच्या हाती काय असावे, या साध्या प्रश्नामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. मी कविता लिहिणारा माणूस. बंदूक माझ्या हाती कधी आली नाही. पण हा इतिहास आपल्या जिल्ह्यातल्या रानात जाणाऱ्या प्रत्येकाचा आहे, म्हणून तो सांगावासा वाटतो.

आधी अस्वलाविषयी. आमच्या लहानपणी दरवेशी गावात अस्वल घेऊन यायचा. हे दरवेशी बहुतेक आमच्याच धर्मातले, कलंदर समाजाचे. त्यांच्या हाती काठी आणि अस्वलाच्या नाकात दोरी. ते नाचणारे बापुडे जनावर पाहून अस्वल म्हणजे गमतीचा प्राणी, असा समज व्हायचा. रानातले अस्वल तसे नसते. त्याला दिसते कमी, ऐकूही बेताचेच येते. नाक तेवढे तीक्ष्ण. वारुळात तोंड खुपसून ते वाळवी खात असते आणि माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता नसतो. मग ते दचकते आणि पळण्याऐवजी अंगावर येते. पंजाचा पहिला वार बहुधा डोक्यावर आणि चेहऱ्यावर बसतो. अस्वलाच्या तावडीतून वाचलेली माणसे आयुष्यभर ती खूण चेहऱ्यावर वागवतात.

इंग्रज अमलात साहेब लोकांनी या रानांत भरपूर शिकार केली. वाघ, बिबट्या, लांडगा यांच्याप्रमाणे अस्वल मारल्याबद्दलही सरकार इनाम देई. त्या काळी ‘हौदा पिस्तूल’ नावाचे एक हत्यार होते. हत्तीवरच्या हौद्यात बसलेल्या शिकाऱ्यावर जखमी वाघाने झेप घेतलीच, तर लांब रायफल वळवायला जागा नसते. अशा वेळी हाताच्या अंतरावरून झाडायचे हे आखूड, जाडजूड पिस्तूल. त्याला बहुधा दोन नळ्या असत, कारण पुन्हा बार भरायला सवड मिळणार नाही हे ठरलेलेच. काहींचा बोअर .५७७ इंचाचा, म्हणजे साडेचौदा मिलिमीटरहून मोठा असे. हिंस्र जनावरापासून बचावासाठी जवळ बाळगायच्या मोठ्या बोअरच्या पिस्तुलाचा हा मूळपुरुषच म्हणा ना. पण मंडळी, हे पिस्तूल हत्तीवर होते. हत्तीच्या पुढे झुडपे बडवत पायी चालणाऱ्या हाकाऱ्याच्या हाती काठी नाही तर डबा.

१८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा आला. हिंदी माणसाला बंदूक बाळगायची तर परवाना हवा. युरोपियनांना मात्र त्यातून सूट. १८५७ अजून विसरले गेले नव्हते. १८८७ च्या मद्रास काँग्रेसमध्ये बिपिनचंद्र पाल यांनी हा कायदा रद्द करा, अशी जोरदार मागणी केली. पहिल्या महायुद्धानंतर वर्णावरची ही सूट गेली, परवाना राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी तर .४५० बोअरच्या रायफलींची आयातही सरकारने हिंदुस्थानात बंद केली. हे बोअर जुन्या लष्करी बंदुकांना चालत आणि काडतुसे बंडखोरांच्या हाती पडतील अशी धास्ती होती. म्हणजे हिंदी माणसाच्या बंदुकीचे तोंड किती रुंद असावे, हे जनावर पाहून नव्हे, बंडाच्या भीतीने ठरत होते.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्यात बचावासाठी किंवा शिकारीसाठी किमान वीस इंच नळीची छऱ्याची बंदूक आणि पिकांच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक यांचा वेगळा उल्लेख आहे. शेतकऱ्याची गरज कायद्याने ओळखली, एवढे म्हणता येईल. पिस्तुलाचे तसे नाही. लष्करी वापरातला ९ मिलिमीटरसारखा बोअर सामान्य नागरिकाला बंद. परदेशी हत्यारांची आयात १९८० च्या दशकात आवळली गेली. उरते ते मुख्यतः सरकारी कारखान्यातले .३२ चे रिव्हॉल्व्हर. आठ मिलिमीटरची ती गोळी दाट केसांच्या, शंभर किलोंच्या, धावून येणाऱ्या अस्वलाला जागीच रोखील, अशी खात्री कुणी देऊ नये.

पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. अस्वल आज त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. स्वतःचा जीव वाचवताना, प्रामाणिक हेतूने, जनावर मारले गेले तर तो गुन्हा नाही, असे हा कायदा सांगतो. मात्र त्या वेळी तुम्ही दुसरे काही बेकायदा करत नसावे, आणि मेलेले जनावर सरकारचे. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीशिवाय बंदुकीचा नवा परवाना मिळत नाही. आपल्या टिपेश्वरच्या आसपासच्या गावांना हे लागू आहे. चोरटी शिकार थांबवायची तर हे कलम हवेच.

मग बंदूक असती तर माणसे वाचली असती का? अमेरिकेत अस्वलांच्या मुलखात मोठे रिव्हॉल्व्हर कमरेला लावायची पद्धत आहे. १९५५ मध्ये निघालेले .४४ मॅग्नम त्यासाठी नावाजलेले. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आदी संशोधकांनी अलास्कातल्या १८८३ ते २००९ या काळातल्या २६९ घटना तपासल्या. पिस्तुलांनी दहांतल्या आठांहून अधिक वेळा काम केले होते. तरीही बंदूक वापरणारे आणि न वापरणारे यांना झालेल्या इजांचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. जनावर अंगावर येते तेव्हा हत्यार काढून नेम धरायला वेळ मिळतोच असे नाही.

आपल्याकडे अस्वलासमोर जाते कोण? मोहफुले वेचणारी कोलाम, गोंड बाई. हाती टोपली, फार तर कुऱ्हाड. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुले गळतात, आणि ती अस्वलालाही आवडतात. उजाडल्यावर, चौघींनी मिळून, बोलत-ओरडत जावे हा शहाणपणा तिला ठाऊक आहे. पण उशीर केला तर फुले गुरे खातात, दुसरे नेतात, आणि मग घरी मीठ-मिरचीला पैसे नसतात. म्हणून ती अंधारात निघते. छत्तीसगड आणि मध्य प्रदेशात काही ठिकाणी मोहाखाली जाळी बांधतात. फुले जाळीत राहतात, मातीत पडत नाहीत, भावही बरा येतो आणि ऊन वर आल्यावर वेचली तरी चालते. एका रिव्हॉल्व्हरच्या किमतीत अशा कितीतरी झाडांखाली जाळी लागेल.

दीडशे वर्षे आपण बंदूक कुणाला द्यावी याचाच हिशेब करत आलो. या बाईला दोन तास उशिरा निघता यावे, याचा हिशेब अजून मांडायचा आहे. त्याला कुठला परवाना लागत नाही.