एक सेल, एक बल्ब, एक वायर

१९५७ च्या ऑक्टोबरात रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिका खडबडून जागी झाली, ही हकीकत आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्या धास्तीतून सरकारी पैसा शाळांतल्या विज्ञानाकडे वळला. १९६० च्या दशकात 'एलिमेंटरी सायन्स स्टडी'सारखे उपक्रम निघाले. धडा वाचून दाखवण्याऐवजी मुलांच्या हाती वस्तू द्यायच्या, अशी कल्पना. साहित्यही उत्तम होते. पण वर्गातल्या बाईंचे काय? त्यांनी स्वतः असे विज्ञान कधी केलेलेच नव्हते.

ही उणीव हेरणाऱ्यांत अर्नोल्ड ॲरन्स होते. ॲमहर्स्ट कॉलेज सोडून ते १९६८ मध्ये सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात आले आणि प्राथमिक शिक्षक होऊ घातलेल्यांना पदार्थविज्ञान शिकवू लागले. लिलियन मॅक्डर्मॉट यांनी हे काम पुढे नेले व वाढवले.

या वर्गात व्याख्यान नाही. समोर एक सेल, एक बल्ब आणि वायरचा एकच तुकडा. बल्ब पेटवायचा. सोपे वाटते ना? पुष्कळांचा पहिला प्रयत्न फसतो. बल्बला जोडायच्या जागा दोन असतात, एक बुडाशी आणि दुसरी बाजूच्या धातूवर. होल्डरमध्ये बल्ब फिरवताना हे कोणाच्या ध्यानात येते? खटपटीतून वाट पुरी झाली की दिवा लागतो. 'परिपथ' हा शब्द त्यानंतर. आधी कल्पना, मग नाव, हा ॲरन्स यांचा दंडक.

पुढे दोन सारखे बल्ब एकापुढे एक जोडायचे, पण आधी अंदाज सांगायचा. पहिला बल्ब वीज 'खाऊन टाकेल' आणि दुसरा मंद लागेल, असे अनेकांना वाटते. दोन्ही सारखेच उजळतात! मग वाद, पुन्हा जोडणी. शिकवणारा उत्तर देत नाही, उलट प्रश्न विचारतो.

हे केवळ शिक्षकांपुरते नाही. १९९७ च्या 'माइंड्स ऑफ अवर ओन' या माहितीपटात एमआयटीच्या ताज्या पदवीधरांपैकीही काहींना तो बल्ब पेटवता आला नाही. आपल्याकडच्या प्रात्यक्षिकाच्या वह्या आठवा: उद्देश, साहित्य, कृती आणि (पुष्कळदा गेल्या वर्षीच्या वहीतून उतरवलेले) निरीक्षण!

आपल्या देशातही १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांपासून असाच प्रयोग सुरू झाला. वरच्या इयत्तांसाठी असला, तरी तेथेही शिक्षक आधी स्वतः प्रयोग करून शिकत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांचाही त्याला हातभार होता. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला.

अमेरिकेतही वाट सोपी नव्हती. शिक्षक घडवणे हे शिक्षणशास्त्र विभागाचे काम, असे म्हणून बहुतेक पदार्थविज्ञान विभाग हात झटकत. शिवाय असे वर्ग लहानच ठेवावे लागतात, म्हणजे खर्च आला. मॅक्डर्मॉट मात्र २०२० मध्ये निधन होईपर्यंत सिएटललाच राहिल्या. त्यांच्या गटाचे 'फिजिक्स बाय इन्क्वायरी' १९९६ मध्ये दोन खंडांत निघाले. त्यात प्रयोग आणि प्रश्न भरपूर आहेत. उत्तरे ज्याची त्याने शोधायची.