सिकलसेल आणि चालताना दुखणारे पाय

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील पाड्यांवर रोजचे बरेचसे जीवन पायांवर अवलंबून असते. पाणी आणणे, शेतावर जाणे, शाळा गाठणे, चिकूच्या वाडीत मजुरीला जाणे किंवा एसटी पकडण्यासाठी डांबरी रस्त्यापर्यंत पोहोचणे, या साऱ्यासाठी चालावेच लागते. अशा भागात एखादा तरुण पाय दुखतात म्हणून घरी बसला, तर त्याच्यावर आळशीपणाचा शिक्का बसायला वेळ लागत नाही. कधी त्याला वात झाला आहे असे सांगितले जाते, कधी अशक्तपणाचे कारण दिले जाते. प्रत्यक्षात या दुखण्याच्या मुळाशी सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असू शकतो. वारली, कोकणा, दुबळा यांसारख्या आदिवासी समाजांत तो आढळतो.

आजार नेमका काय?

रक्तातील तांबड्या पेशी सामान्यतः गोल व लवचिक असतात आणि सुमारे १२० दिवस जगतात. सिकलसेलच्या रुग्णामध्ये हिमोग्लोबिनच्या रचनेत दोष असल्याने शरीरातील प्राणवायू किंवा पाणी कमी होताच या पेशी विळ्यासारख्या वाकड्या व ताठर होतात. त्या १० ते २० दिवसांतच नष्ट होतात, त्यामुळे रक्तक्षय होतो. शिवाय त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या भागाचा रक्तपुरवठा खुंटतो. वेदना होते ती यामुळे. अमेरिकन डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये अशा पेशींचे वर्णन प्रथम केले. भारतात या दोषाची नोंद १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली.

आई व वडील या दोघांकडूनही दोष आला, तरच व्यक्ती रुग्ण ठरते. एकाकडूनच आला तर ती वाहक असते. वाहकाला सहसा त्रास होत नाही. त्यामुळे पाय दुखणाऱ्या वाहकाने सारा दोष सिकलसेलला न देता इतर कारणांचीही तपासणी करून घ्यावी.

दोन वेदनांतील फरक

रुग्णाचे पाय मुख्यतः दोन कारणांनी दुखतात आणि दोन्हींवरील उपाय वेगळे आहेत.

पहिले कारण म्हणजे रक्तवाहिन्या तुंबल्याने अचानक येणारी तीव्र कळ. ती नडगी, मांडी, गुडघे, पाठ अशी अनेक ठिकाणी येते, विश्रांती घेतानाही राहते आणि काही दिवसांत ओसरते. लहान बालकांत हातापायांचे पंजे सुजणे हे तिचे पहिले लक्षण असू शकते.

दुसरे कारण अधिक फसवे आहे. मांडीच्या हाडाचे वरचे गोल टोक खुब्याच्या खोबणीत फिरते. त्याचा रक्तपुरवठा तुटला तर हाडाचा तो भाग मरू लागतो आणि शरीराच्या भाराने चेपत जातो. वैद्यकीय भाषेत याला अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस म्हणतात. यातील दुखणे जांघेत असते, चालताना व चढ चढताना वाढते, बसल्यावर सुरुवातीला कमी होते. मांडी घालून किंवा उकिडवे बसणे अवघड होते, पुढे लंगडणे सुरू होते. पुष्कळदा दुखते गुडघ्यात आणि बिघाड असतो खुब्यात. ऐन तारुण्यातही हे घडते.

म्हणून जांघेतील दुखणे दोन-तीन आठवडे टिकले, तर ती नेहमीचीच कळ समजून सोडून देऊ नये. सुरुवातीच्या काळात साध्या एक्स-रेमध्ये काहीच दिसत नाही. त्यासाठी एमआरआय लागतो. हाड चेपण्यापूर्वी निदान झाले, तर सांध्यावरील भार कमी करून, व्यायाम आणि काही रुग्णांत छोट्या शस्त्रक्रियेने खुबा वाचवण्याचा प्रयत्न करता येतो. उशीर झाल्यास कृत्रिम सांधा बसवण्याखेरीज फारसा मार्ग उरत नाही.

चालणे कसे सांभाळावे?

खुबा दुखत असल्यास काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, म्हणजे सांध्यावरचा भार घटतो. डोक्यावर हंडा किंवा मोळी घेऊन चालणे टाळावे. लांबचे अंतर टप्प्याटप्प्याने, मध्ये बसून पार करावे. मात्र पूर्ण अंथरूण धरल्यास स्नायू दुबळे होतात. कळ ओसरल्यावर फिजिओथेरपिस्टने शिकवलेले हलके व्यायाम सुरू ठेवावेत.

दिवसभर थोडे थोडे पाणी पीत राहावे. उन्हाळ्यात आणि वीटभट्टीसारख्या उष्णतेच्या कामात पाण्याची गरज आणखी वाढते. दारू आणि ताडी शरीरातील पाणी कमी करतात. भातलावणीच्या दिवसांत थंड पाण्यात तासन्तास उभे राहणे आणि ओल्या कपड्यांत वावरणे कळीला निमंत्रण देते. दुखऱ्या जागी बर्फ लावू नये, कोमट शेक द्यावा. डाग देणे हा उपाय नव्हे. त्याने जखम मात्र होते आणि संसर्गाचा धोका वाढतो.

वेदनेसाठी पॅरासिटामॉल योग्य मात्रेत घेता येते. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याविना वारंवार घेऊ नयेत, कारण सिकलसेलमध्ये मूत्रपिंडे आधीच नाजूक असतात. ‘ताकदीचे’ म्हणून दिल्या जाणाऱ्या अनोळखी इंजेक्शनांपासूनही दूर राहावे. त्यात स्टेरॉइड असल्यास खुब्याच्या हाडाचे नुकसान होऊ शकते. लोहाच्या गोळ्याही तपासणीशिवाय घेऊ नयेत. हा रक्तक्षय मुळात लोहाच्या कमतरतेचा नसतो.

ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, एकाएकी पांढरेफटक पडणे, पोटात डावीकडे फुगवटा येणे किंवा शरीराची एक बाजू लुळी पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास घरी थांबू नये. तापासह एकाच जागी हाड दुखून सूज आली, तर तो हाडातील जंतुसंसर्गही असू शकतो.

उपचार आणि हक्क

हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनेच्या झटक्यांची संख्या कमी होते. ते नियमित रक्ततपासणी करीत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे लागते. मूल हवे असल्यास स्त्री-पुरुष दोघांनीही आधी डॉक्टरांना सांगावे. मेलेले हाड मात्र या औषधाने पुन्हा जिवंत होत नाही. त्यासोबत फॉलिक अॅसिडच्या गोळ्या आणि संसर्ग टाळणाऱ्या लशी महत्त्वाच्या असतात.

तपासणीची सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात करता येते. साध्या विद्राव्यता चाचणीतून फक्त दोष आहे की नाही एवढेच कळते. व्यक्ती रुग्ण आहे की वाहक, हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस तपासणीने ठरते. पहिल्या चाचणीवर थांबू नये. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले असून ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचे निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील यादीत सिकलसेलचा समावेश आहे. एसटीच्या प्रवास सवलतींतही सिकलसेलच्या रुग्णांचा विचार झालेला आहे. दूरच्या रुग्णालयात वारंवार जावे लागणाऱ्यांनी तपासणीचा अहवाल जपून ठेवावा आणि जवळच्या आगारात चौकशी करावी.

आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून लग्नाआधी दोघांची रक्ततपासणी करून घेणे हिताचे. घरात एक रुग्ण सापडला, तर त्याच्या भावंडांचीही तपासणी करून घ्यावी. पाय दुखतात म्हणून मूल मैदानाच्या कडेला बसून राहत असेल, तर त्याला रागावण्यापूर्वी शिक्षकांनी आणि पालकांनी त्याचे रक्त एकदा तपासून घ्यावे.