वास्तू आणि संहिता : ल्यूबेकचे ‘बुडेनब्रोक घर’

साहित्यकृतीचे प्रदर्शन मांडता येते काय, हा प्रश्न प्रत्येक साहित्यविषयक संग्रहालयाच्या मुळाशी असतो. हस्तलिखिते, लेखणी, मेज या वस्तू लेखकाच्या असतात. कृतीचे अस्तित्व मात्र वाचनातच सिद्ध होते. वायमार येथील गटेच्या निवासस्थानाचे १८८५ मध्ये राष्ट्रीय संग्रहालयात रूपांतर झाले, तेव्हा वस्तूंचे अस्सलपण हाच त्याचा आधार होता. ल्यूबेकमधील मेंगस्ट्रासे ४ या घराला हा आधार उरलेला नव्हता. म्हणूनच त्याचा इतिहास अधिक उद्बोधक ठरतो.

टोमास मान यांच्या आजोबांनी १८४२ मध्ये घेतलेले हे घर १८९१ मध्ये कुटुंबाच्या हातून गेले. १९०१ च्या ‘बुडेनब्रोक्स’ या कादंबरीत तेच एका व्यापारी घराण्याच्या ऱ्हासाचे केंद्र झाले. कादंबरी शहराचे नाव घेत नाही, रस्त्याचे मात्र घेते. वाचकांनी घर ओळखले आणि कल्पित कुटुंबाचे नाव खऱ्या वास्तूला कायमचे चिकटले. हे नाव निरुपद्रवी नव्हते: १९३६ मध्ये मान यांचे नागरिकत्व हिरावून घेणाऱ्या नाझी राजवटीत घराचे नावही बदलले गेले. पुढे मार्च १९४२ च्या बाँबहल्ल्यात दर्शनी भिंत आणि तळघर एवढेच वाचले.

या घरात १९९३ मध्ये हाइनरिश व टोमास मान या बंधूंना वाहिलेले केंद्र सुरू झाले. २००० मध्ये तेथे कादंबरीतील दोन दालने, निसर्गचित्रांचे दालन व भोजनगृह, उभारण्यात आली. येथे वास्तू ही संहितेचा पुरावा नव्हती. संहिताच वास्तूचा पुरावा होती. घर विकले जाण्याच्या प्रसंगाला साजेशी पांढरी आच्छादने मेज-खुर्च्यांवर होती आणि वस्तूंवर कादंबरीतील पृष्ठांचे क्रमांक होते.

या मांडणीत एक धोका होता. नीटनेटक्या दालनात उभ्या असलेल्या प्रेक्षकाला ती प्रतिकृती हेच मूळ घर वाटावे, आणि नागरिकत्वहरण व बाँबहल्ला यांचा इतिहास त्याच्या दृष्टीआड व्हावा, हे सहज शक्य होते. पृष्ठांक हा भ्रम मोडत होते. वस्तू पाहणाऱ्याला ते पुस्तकाकडे परत पाठवीत, आणि ज्याने कादंबरी वाचलेली नाही त्याच्यापुढे ती खुर्ची केवळ खुर्चीच राही. हे संग्रहालय २०१९ च्या अखेरीस नूतनीकरणासाठी बंद झाले. त्या दोन दालनांनी दिलेला निष्कर्ष मात्र टिकणारा आहे: अभिजात कृती संग्रहालयात जिवंत होते ती तिच्या हुबेहूब प्रतिकृतीने नव्हे, तर प्रेक्षकाला पुन्हा वाचक करणाऱ्या मांडणीने.