पीजचा मनोरा : एका पुरस्काराची आणि एका निर्णयाची कथा

१/ ग्रामीण भागातील प्रभावी संवादासाठी युनेस्कोच्या ‘आयपीडीसी’ कार्यक्रमातर्फे आंतरराष्ट्रीय पुरस्कार दिला जात असे. १९८० च्या दशकाच्या मध्यास तो गुजरातमधील खेडा जिल्ह्याच्या दूरचित्रवाणी प्रयोगाला मिळाला. त्याच सुमारास या प्रयोगाचा कणा असलेले प्रक्षेपण केंद्र हलवण्याचा निर्णयही झाला.

२/ आरंभ १९७५ चा. अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वर्षभरासाठी भारताला मिळाला आणि सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत ‘साइट’ प्रयोग झाला. त्याचे व्यवस्थापक होते कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ वसंत चिटणीस. वर्षानंतर उपग्रहाची मदत संपली.

३/ खेड्यातील प्रयोग मात्र टिकला, कारण त्याचा आधार जमिनीवर होता. पीज या गावी एक किलोवॉटचे छोटे प्रक्षेपण केंद्र उभे होते. इस्रोच्या अहमदाबाद येथील अंतराळ उपयोग केंद्रातील चमू त्यासाठी कार्यक्रम तयार करी.

४/ कार्यक्रमांची भाषा होती चरोतर भागाची गुजराती बोली. चित्रीकरणापूर्वी संशोधक गावोगाव जाऊन लोकांची गाऱ्हाणी ऐकत. शेतमजुरांचे किमान वेतन, अस्पृश्यता, दारूचे व्यसन, स्त्रियांवरील अन्याय हे विषय त्यातूनच पडद्यावर आले.

५/ यातील धाडस लक्षात घ्यावे. दूरचित्रवाणी सरकारी होती. कमी मजुरी देणारा जमीनमालक आणि ती घेणारा मजूर एकाच गावात राहत आणि सुमारे ४०० गावांतील सार्वजनिक संचांवर तोच कार्यक्रम पाहत.

६/ युनेस्कोच्या सन्मानाचे मोल येथे आहे. राजधानीचा संदेश खेड्यापर्यंत पोहोचवणे तुलनेने सोपे. खेड्याचे म्हणणे खेड्यालाच, त्याच्या बोलीत, जाहीरपणे ऐकवणे अवघड. खेड्याने ते करून दाखवले.

७/ १९८५ मध्ये अहमदाबादेत शक्तिशाली प्रक्षेपण केंद्र झाल्यावर पीजचे केंद्र अनावश्यक ठरले. तेथील यंत्रणा मद्रासच्या दुसऱ्या वाहिनीसाठी नेण्याचे ठरले. गावकऱ्यांनी विरोध केला. तरीही पीजचे प्रक्षेपण थांबले.

८/ तांत्रिक हिशेबात निर्णय चोख होता : मोठा मनोरा, अधिक प्रेक्षक. पण मनोऱ्याचा टापू वाढला की एका तालुक्यातील मजुरीचा प्रश्न राज्यभराच्या पडद्यावर किरकोळ वाटू लागतो. पुरस्कार जवळिकीचा होता आणि नेमकी तीच हिशेबात धरली गेली नाही. गावाचे माध्यम कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न पीजने मागे ठेवला आहे.