भामिनीचे भक्त

बालगंधर्वांचा विषय निघाला की एक प्रसंग हमखास सांगितला जातो. १९११ साली 'मानापमान'चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी लहानगी मुलगी गेलेली, आणि तरीही नारायणराव भामिनी होऊन उभे राहिले. सांगणाऱ्याचा गळा दाटून येतो. मला मात्र दरवेळी समोर बसलेल्या माणसांचं कुतूहल वाटतं. ही माणसं नेमकी कोणावर भाळली होती?

गळा अलौकिक होता, हे खरंच. पण गळ्याचे धनी तेव्हा इतरही होते. त्यांच्यासारखी साडी कोणी नेसत नव्हतं. नारायणरावांचं नेसणं, त्यांचे दागिने, गजरा माळण्याची त्यांची रीत घरंदाज बायका उचलत होत्या. बाईनं बाईसारखं कसं दिसावं, हे पुण्यामुंबईच्या बायका एका पुरुषाकडून शिकत होत्या! यात गंमत आहेच, पण नुसती गंमत नाही. घरंदाज बाईनं रंगमंचावर पाऊल ठेवणं तेव्हा अब्रूचं नव्हतं. जी चारचौघांत गात होती ती कलावंतीण, तिची जागा उंबऱ्याबाहेर. बायकोला शेजारी बसवून रात्रभर जिच्याकडे टक लावून बघावं, जिच्या प्रेमात पडलं तरी कोणी बोट दाखवू नये, अशी स्त्री समाजाला हवी होती. ती स्त्री नसली तरच हे जमणार होतं.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं. केशवराव भोसले धैर्यधर, नारायणराव भामिनी, उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला. पुढच्या तिकिटाला शंभर रुपये मोजले गेले. देशकार्य होतं म्हणून, असं म्हणता येईल; पण नुसत्या वर्गणीसाठी एवढी झुंबड उडाली असती असं मला वाटत नाही.

मग काळ फिरला. हिराबाई बडोदेकर रंगमंचावर आल्या, पाठोपाठ बोलपट आले, आणि बायकांची कामं बायकाच करू लागल्या. १९३५मध्ये नारायणरावांनी प्रभातच्या 'धर्मात्मा'त संत एकनाथ रंगवले. माणूस तोच, गळा तोच. पण धोतरातले गंधर्व रसिकांना रुचले नाहीत. ते पुन्हा साडीकडे वळले. पन्नाशी उलटलेली, अंग सुटलेलं, तरी भामिनी आणि सिंधूच. यात त्यांचा हट्ट किती आणि भक्तांचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे.

पुढे गौहरबाई कर्नाटकी त्यांच्या आयुष्यात आल्या. पडत्या काळाचा दोष पुष्कळ रसिकांनी त्यांच्यावर टाकला. त्या मुसलमान होत्या, नटी होत्या, गात होत्या, आणि खऱ्याखुऱ्या बाई होत्या. पाय अधू झालेल्या नारायणरावांचं सगळं केलं ते त्यांनीच.