गिटार : कॉर्ड प्रोग्रेशनवर स्केलची निवड

ठरलेल्या क्रमाने कॉर्ड वाजत असताना त्यांवर गिटारवादकाने आयत्या वेळी रचलेली सुरावट म्हणजे उत्स्फूर्त वादन. ऑर्केस्ट्रावाले याला लीड किंवा सोलो म्हणतात. अशा वादनात कोणत्या कॉर्डवर कोणते स्वर घ्यायचे आणि कोणते टाळायचे, हा स्केलच्या निवडीचा प्रश्न आहे. पाश्चात्त्य पुस्तकांत त्याची उत्तरे मोड आणि की यांच्या भाषेत दिलेली असतात. भंडारा जिल्ह्यासारख्या भागात वादकाचा कान पेटीवर घडलेला असतो. त्यामुळे हाच विषय थाट आणि षड्ज यांच्या अंगाने मांडणे अधिक उपयोगाचे ठरते.

भंडारा, मोहाडी, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर या तालुक्यांत दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. तेव्हापासून दंडार, खडी गंमत आणि झाडीपट्टीची रात्रभर चालणारी नाटके यांचा हंगाम सुरू होतो. वर्षभर भजनी मंडळे असतातच. या सगळ्यांत सूर लावून देते ती पेटी, म्हणून इथला गायक आपली पट्टी ‘काळी चार’ किंवा ‘पांढरी पाच’ अशी सांगतो. गिटारवाल्याला ती आपल्या वाद्यावर उतरवता आली पाहिजे. काळी एक म्हणजे सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प आणि काळी पाच ए शार्प. काळी चारसाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून जी मेजरच्या आकारांनी वाजवले की काम भागते. पेटी आणि गिटार दोन्ही समान अंतराच्या बारा स्वरांची वाद्ये असल्याने पेटीवरचे स्वरज्ञान गिटारवर जसेच्या तसे चालते.

विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी आपल्या मराठी ग्रंथांतून रागांची विभागणी दहा थाटांत केली. त्यांपैकी सहा थाटांचे स्वर पाश्चात्त्य मोडशी तंतोतंत जुळतात : बिलावल म्हणजे मेजर स्केल, कल्याण लिडियन, खमाज मिक्सोलिडियन, काफी डोरियन, आसावरी नॅचरल मायनर आणि भैरवी फ्रिजियन. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी या चौघांना पाश्चात्त्य मोडमध्ये जोड नाही. हार्मोनिक मायनरचे स्वर कीरवाणीचे आहेत. मेजर पेंटाटोनिक म्हणजे भूपाचे आणि मायनर पेंटाटोनिक म्हणजे धानीचे स्वर. पेटी शिकलेल्या मुलाला नवीन स्केल पाठ करायला लावणे हा बहुतेक वेळा वेळेचा अपव्यय असतो. ती त्याच्या बोटांत आधीच असतात.

निवडीची पहिली पायरी म्हणजे प्रोग्रेशनचा षड्ज ओळखणे. सी, ए मायनर, एफ, जी या चार कॉर्डांचे सगळे स्वर सी-षड्जाच्या बिलावलात सापडतात. म्हणून चारही कॉर्डांवर बिलावल चालतो, आणि नवशिक्यासाठी सी-षड्जाचा भूप त्याहून निर्धोक. भूपात मध्यम आणि निषाद नाहीत, त्यामुळे ग–म आणि नी–सां या अर्ध्या स्वराच्या जोड्याही नाहीत. खटका उडतो तो बहुधा त्याच जोड्यांत, उदाहरणार्थ सी कॉर्डवर मध्यम लांबवला की तो गंधाराशी भांडतो. मात्र सगळ्या कॉर्डांवर भूपच फिरवत राहिले तर कॉर्ड बदलल्याचे वादनातून कळत नाही. हा दोष हौशी वादकांत फार आढळतो आणि त्यावर उपाय नवे स्केल हा नव्हे. एफ कॉर्ड आली की धैवतावर, जी आली की पंचमावर किंवा निषादावर, ए मायनर आली की धैवतावर किंवा गंधारावर वाक्य संपवावे. कॉर्डचे स्वर ही थांबण्याची ठिकाणे आणि स्केलचे उरलेले स्वर ही त्यांच्यामधली वाट, एवढे भान आले की निम्मे काम झाले.

खरी अडचण प्रोग्रेशनमध्ये परकी कॉर्ड आली की सुरू होते. अशी कॉर्ड आपल्यासोबत एखादा विकृत स्वर घेऊन येते. सी-षड्जात सी सेव्हन्थ आली तर कोमल निषाद, डी सेव्हन्थ आली तर तीव्र मध्यम, एफ मायनर आली तर कोमल धैवत. तेवढ्या कॉर्डपुरता तो एक स्वर बदलावा आणि बाकीचे सहा तसेच ठेवावेत. नियम सोपा आहे, पण दोन ठिकाणी पेटीवर घडलेला कान अडतो. ए सेव्हन्थमध्ये सी शार्प, म्हणजे कोमल ऋषभ आहे, आणि त्याला जागा देण्यासाठी शुद्ध षड्जच सोडावा लागतो. ई सेव्हन्थमधल्या कोमल धैवतासाठी तसाच पंचम सोडावा लागतो. हिंदुस्थानी पद्धतीत सा आणि प हे अचल स्वर आहेत. तंबोऱ्याने ते आपल्या मनात पक्के रोवलेले असतात, म्हणून बोटे सवयीने तिकडे जातात आणि नेमके तिथेच बेसूर वाटते. कॉर्डवरच्या संगीतात षड्ज क्षणभर बाजूला ठेवता येतो, हे स्वीकारणे आपल्याकडच्या वादकाला सर्वांत जड जाते. या विषयातली मुख्य पायरीही हीच.

मायनर गाण्यांत हा प्रकार सतत भेटतो. ए मायनर, डी मायनर, ई सेव्हन्थ या मालेत पहिल्या दोन कॉर्डांवर ए-षड्जाची आसावरी बसते. ई सेव्हन्थमध्ये जी शार्प, म्हणजे शुद्ध निषाद आहे, म्हणून तेवढ्यापुरती कीरवाणी घ्यावी लागते. ए मायनरच्या जोडीला डी मायनरऐवजी डी मेजर आली, तर धैवत शुद्ध होऊन काफी होते. थाट कोणता हे अनेकदा एकटी मध्यमावरची (चौथी) कॉर्डच सांगून टाकते.

प्रत्येक कॉर्डचे वेगळे स्केल मानण्याचीही पद्धत आहे : डी मायनर सेव्हन्थवर डोरियन, जी सेव्हन्थवर मिक्सोलिडियन, सी मेजर सेव्हन्थवर मेजर. तिन्ही स्केलांचे सात स्वर एकच आहेत, फक्त आरंभस्वर बदलतो. आपल्याकडची मूर्च्छना हीच. भूप ऋषभापासून वाजवला की मेघाचे, गंधारापासून मालकंसाचे, पंचमापासून दुर्गेचे आणि धैवतापासून धानीचे स्वर मिळतात. जिथे एकच कॉर्ड दीर्घकाळ टिकते, तिथे ही पद्धत शोभते. माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ (१९५९) मधील ‘सो व्हॉट’ या रचनेत १६ मात्राखंड (बार) डी डोरियन, ८ ई फ्लॅट डोरियन आणि पुन्हा ८ डी डोरियन आहेत. पेटीच्या भाषेत, पांढरी दोनची काफी, मध्ये काळी दोनची काफी आणि परत पांढरी दोन. कॉर्ड भरभर बदलणाऱ्या गाण्यात मात्र दर कॉर्डला स्केलचे नाव आठवत बसल्यास वाक्य तुटते.

ब्लूजचा न्याय वेगळा. ए सेव्हन्थ, डी सेव्हन्थ, ई सेव्हन्थ या कॉर्डांच्या बारा मात्राखंडांवर ए-षड्जाची धानी वाजवतात, म्हणजे कॉर्डमध्ये शुद्ध गंधार असताना वर कोमल गंधार. ही टक्कर हवीशी असते, आणि तार ओढून कोमल गंधार शुद्धाकडे किंचित सरकवतात. डी सेव्हन्थवर कोमल गंधार हा कॉर्डचाच स्वर होतो, म्हणून तिथे तो निवांत टेकतो. दोन्ही गंधार आणि कोमल निषाद आपल्याकडे जोग रागातही आहेत. चलन सर्वस्वी निराळे असले तरी जोग ऐकलेल्या माणसाला ब्लूजचे गंधार परके वाटू नयेत.

थाटाचे स्वर वाजवले म्हणजे राग वाजला असे नाही. वादी-संवादी, चलन, न्यास यांशिवाय ती नुसती स्वरपंक्ती राहते. उलट बाजूने, रागावर कॉर्ड बसवताना चुकीची कॉर्ड राग मोडते. मालकंसात पंचम वर्ज्य आहे, म्हणून सी-षड्जाच्या मालकंसाखाली सी मायनर लावली की पंचम घुसतो. त्याऐवजी एफ मायनर आणि ए फ्लॅट मेजर घ्याव्यात, त्यांचे सगळे स्वर मालकंसातलेच आहेत. मारव्यातही पंचम नाही आणि षड्ज दुर्बल आहे. त्याला साध्या कॉर्डांचा आधार देऊच नये.

रागाची सुरावट आणि कॉर्ड यांची सांगड महाराष्ट्रात चित्रपटसंगीताने घातली. संगीतकार केशवराव भोळे यांनी ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या चित्रपटांत पियानो आणि हवायन गिटार आणली. पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांच्यासोबत ‘अलबेला’त (१९५१) गोव्याच्या हळदोण्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी १९५८ मध्ये इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करून रागांवर वाद्यवृंदरचना केल्या. जॅझ गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांनी १९७०च्या दशकात मुंबईचे तबलावादक झाकीर हुसेन यांच्यासह ‘शक्ती’ हा गट काढला, तेव्हा जॅझच्या भरभर बदलणाऱ्या कॉर्ड मागे ठेवून ते स्थिर षड्जाकडे आले. दोन्ही दिशांची ये-जा शक्य आहे, हे या वादकांनी वाजवून दाखवले.

सरावासाठी साथीला पेटीवाला मित्र असल्यास उत्तम. त्याने एकच कॉर्ड धरून ठेवावी आणि गिटारवाल्याने त्या कॉर्डचे तीन स्वर आधी गळ्याने गाऊन मगच तारेवर काढावेत. त्यानंतर दोन कॉर्डांत समान असलेला स्वर आणि अर्ध्या स्वराने सरकणारा स्वर शोधावा. जी सेव्हन्थवरून सीवर येताना मध्यम गंधारावर उतरतो आणि निषाद षड्जावर चढतो. हे दोन स्वर कानाला आपोआप सापडू लागेपर्यंत तिसरी कॉर्ड घेऊ नये.