अ‍ॅन आर्बरचं जागरण

1941 साली अमेरिकेत, अ‍ॅन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठात, सॉन्डर्स मॅक लेन ग्रुप एक्स्टेन्शनवर, म्हणजे दोन ग्रुप जोडून त्यांतून मोठा ग्रुप घडवण्यावर, व्याख्यानं देत होते. विषय निव्वळ बीजगणिताचा. श्रोत्यांत सॅम्युएल आयलेनबर्ग होते; मूळचे वॉर्साचे, 1939 मध्ये अमेरिकेत आलेले आणि टोपोलॉजीत, म्हणजे आकारांच्या गणितात, मुरलेले. मॅक लेन यांचं एक उत्तर त्यांना ओळखीचं वाटलं. टोपोलॉजीतल्याच नॉर्मन स्टीनरॉड यांनी सोलेनॉइड नावाच्या आकृतीसाठी काढलेलं उत्तर हेच की!

सोलेनॉइड म्हणजे भलतंच प्रकरण. एका भरीव कड्याच्या आत दुसरं कडं दोन वेढे देऊन बसवायचं, त्याच्या आत तसंच तिसरं, आणि हे अनंतापर्यंत. सगळ्या कड्यांना सामायिक असा जो भाग उरतो, तो सोलेनॉइड. त्याचा एक्स्टेन्शनशी काय संबंध? दोघं रात्रभर बसले आणि त्यांनी तो धागा पकडला.

1942 मध्ये त्यावर शोधनिबंध आला, 1945 मध्ये कॅटेगरी (गणिती वस्तू आणि त्यांच्यातली फलनं यांचा एकत्रित संच) आणि फंक्टर (एका कॅटेगरीतून दुसरीत नेणारा दुवा) यांची रीतसर मांडणी. उदाहरणार्थ, एखादा फंक्टर आकृतीच्या जागी ग्रुप देतो. पण खरी गोम अशी, की दोन आकृत्यांमधल्या फलनांनाही तो सोबत नेतो. पुढे फलनांमधल्या फलनांचा, त्यांच्याही मधल्यांचा विचार सुरू झाला आणि उच्च कॅटेगरींचा पसारा वाढला. काही गणितींनी या सगळ्याची ‘अमूर्त बाष्कळपणा’ म्हणून थट्टा केली, बरेचदा प्रेमानंच.

आयलेनबर्ग यांना आणखी एक नाद होता: भारतीय आणि आग्नेय आशियाई शिल्पांचा. तो जडला 1950 च्या दशकातल्या मुंबईभेटीत. संग्रहातला मोठा वाटा त्यांनी पुढे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला.